आधी बोटं, मग पाना

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सकाळी मी आमची होंडा सीआरव्ही ऑइल बदलायला घेऊन गेले. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. दुसऱ्या दिवशी चेरी हिलला मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, जाऊन-येऊन सव्वाशे मैल पडणार होते. गाडी २०१३ ची, पण कधी त्रास न दिलेली. ऑइलचं आयुष्य किती टक्के शिल्लक आहे याचा हिशेब ही गाडी स्वतःच ठेवते आणि पडद्यावर दाखवते. तो आकडा पंधरावर आला होता. लांब जायच्या आधी ऑइल बदललेलं बरं, एवढाच माझा विचार.

आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी जागा नव्हती. म्हणून हमरस्त्यावरच्या एका झटपट ऑइल चेंजच्या दुकानात गेले. अशी दुकानं अमेरिकेत गावोगावी आहेत. आधी वेळ घ्यावी लागत नाही, गाडीतून उतरावंही लागत नाही. जमिनीत एक लांबट खड्डा असतो, त्याच्यावर गाडी नेऊन उभी करायची. एक जण खड्ड्यात उभा राहून जुनं ऑइल सोडतो आणि फिल्टर बदलतो, दुसरा बॉनेट उघडून वरून नवं ऑइल भरतो. आपण स्टिअरिंगमागे बसून राहायचं.

माझ्या पुढे तीन गाड्या होत्या. भिंतीवर एक मोठा स्क्रीन होता आणि त्यावर प्रत्येक गाडीच्या नावासमोर मिनिटं-सेकंद पळत होते. माझी गाडी आत गेल्यावर माझंही घड्याळ सुरू झालं. वरच्या माणसाने एअर फिल्टर काढून मला दाखवला, तो बदलावा असं सुचवलं. मी दोन महिन्यांपूर्वीच बदलला होता, तसं सांगितलं. तो पुढे काही बोलला नाही. खालून मधूनमधून बोल्ट फिरवणाऱ्या हवेच्या गनचा घर्रर्र असा आवाज येत होता. मग खालच्या मुलाने मोठ्याने ओरडून सांगितलं, ड्रेन प्लग टाइट, फिल्टर टाइट. वरच्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले. दोघांनी एकमेकांना ऐकवायचं, म्हणजे काही राहून जाणार नाही, अशी त्यांची पद्धत. ते ऐकून मला बरंच वाटलं होतं. काचेच्या कोपऱ्यात त्यांनी एक स्टिकर लावला, तीन हजार मैलांनी पुन्हा या म्हणून. कूपन वजा जाऊन ऐंशी डॉलर झाले. चौदा मिनिटांत मी बाहेर.

पुढचं सांगण्याआधी मला अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील कोल्हापुरात एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेत मेकॅनिक होते. हयातभर त्यांनी एस.टी.च्या गाड्यांची इंजिनं खोलली आणि बसवली. घरी त्यांची हिरो होंडा होती. तिचं ऑइल ते कधीही बाहेर बदलून घेत नसत. रविवारी सकाळी गाडी अंगणात मेन स्टँडवर लावायची, खाली जुनं घमेलं ठेवायचं, आणि मी शेजारी पाटावर बसून पाने हातात द्यायचे. इंजिन थोडं गरम करून घेतलं की ऑइल पातळ होतं, सगळी घाण घेऊन खाली येतं. ते निथळेपर्यंत अण्णा ऑइल सोडायचा तो ड्रेन बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, चिंधीने कोरडा करायचे, आटे उजेडाकडे धरून बघायचे. वॉशर दर वेळी नवा. मग तो बोल्ट माझ्या हातात द्यायचे.

“लाव. पण पाना नको. आधी बोटं, मग पाना.”

बोल्ट बोटांनी फिरवला की आपसूक आत जायला हवा. तीन-चार फेरे बोटांनी गेले, म्हणजे आटे आट्यांत बसले. कुठे अडला, जोर लागला, तर तो तिरका चढतोय. तेव्हा उलटा फिरवून बाहेर काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. “बोटांना कळतं, पान्याला कळत नाही,” असं ते म्हणायचे. शेवटी पाना लावायचा तो फक्त आवळण्यापुरता. सगळं झालं की गाडीखाली ‘पुढारी’चा जुना अंक पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी त्यावर डाग आहे का ते बघायचं. शाळेत जाताना पेपर उचलून बघायचं काम माझं होतं. एकदाही डाग मिळाला नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही त्या रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये, गाडी उभी होती तिथे, तळहाताएवढा काळा डाग दिसला तेव्हा मी तो दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असेल असं मनाशी म्हटलं. मुलगा मागे बसला होता, ओटीचं सामान डिकीत ठेवायचं होतं, उशीर झाला होता. मी वाकले नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

एडिसनहून दहाव्या एक्झिटने आम्ही न्यू जर्सी टर्नपाइक या हमरस्त्याला लागलो आणि दक्षिणेकडे निघालो. गाडी नवरा चालवत होता. नववा एक्झिट गेला, ८ए गेला. तेवढ्यात जळक्या तेलाचा वास आला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. नवऱ्याने काच खाली केली, पुन्हा वर केली. वास आमच्याच गाडीचा होता. आणि मग डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं ते लाल चित्र लागलं.

पुढे एका मैलावर मॉली पिचर सर्व्हिस एरिया असल्याची पाटी समोर दिसत होती. तिथे पेट्रोल पंप, दुकानं, बसायला जागा, सगळं असतं. नवरा म्हणाला, एकच मैल आहे, हळूहळू तिथपर्यंत नेतो. मी ओरडलेच. आता, इथे, बाजूला घे आणि बंद कर. त्याने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. ट्रक शेजारून जात होते, प्रत्येक ट्रकसरशी आमची गाडी हलत होती. मुलाला घेऊन आम्ही उजव्या दारातून उतरलो आणि कठड्याच्या पलीकडे गवतात जाऊन उभे राहिलो.

या लाल दिव्याबद्दल खूप जणांचा गैरसमज असतो, म्हणून इथे थांबून सांगते. हा दिवा ऑइल कमी झालंय, सवडीने भरा, असं सांगत नाही. तो इंजिनातला ऑइलचा दाब गेल्यावर लागतो. पंपाला ओढायला पुरेसं ऑइलच उरलेलं नसतं, धातूवर धातू घासायला लागलेला असतो. त्यानंतरच्या एका मैलात बेअरिंगं जाऊ शकतात, क्रँकशाफ्ट जाऊ शकतो, इंजिन जागेवर सीज होऊ शकतं. पेट्रोलचा दिवा लागल्यावर माणूस पुढचा पंप शोधतो. तेलाचा लाल दिवा लागला की पुढचं काहीही शोधायचं नसतं. अण्णा सांगायचे, लाल दिवा दिसला की आधी किल्ली, मग बाकीचं. त्या दिवशी आमचं इंजिन वाचलं ते त्यांच्या या एका वाक्यामुळे.

टर्नपाइकवर आपल्या मनाने कुणालाही टोइंगला बोलावता येत नाही, टर्नपाइकने नेमलेलाच यावा लागतो. तो येईपर्यंत पाऊण तास गेला. डोहाळजेवणाला आम्ही पोचलोच नाही. गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजच्या आवारात नेऊन सोडली, किल्ली दारातल्या पेटीत टाकली आणि टॅक्सीने घरी आलो. मुलाने वाटेत विचारलं, की काल तर आपण गाडी दुरुस्त करून आणली होती ना?

सोमवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच मी तिथे हजर होते. गॅरेजचे मालक साठीचे आहेत, इक्वेडोरहून आलेले, बोलतात कमी. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. चेंबरपासून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यापासून, मागच्या ॲक्सलपर्यंत सगळं तेलाने माखलेलं होतं, एक्झॉस्टच्या पाइपवर ते जळून काळं झालेलं होतं. त्यांनी टॉर्चचा उजेड ड्रेन बोल्टवर पाडला. बोल्ट वाकडा बसला होता. एका बाजूने त्याचं डोकं चेंबरला टेकलेलं, दुसऱ्या बाजूने फट. नख आत जाईल एवढी. त्यांनी पाना लावलाच नाही, दोन बोटांनी फिरवला आणि तो त्यांच्या हातात आला. मागोमाग जे ऑइल पडलं ते त्यांनी मापात घेतलं, लिटरभरही नव्हतं. या इंजिनात फिल्टरसकट ४.२ लिटर लागतं.

मग त्यांनी तो बोल्ट पांढऱ्या कपड्यावर ठेवला आणि माझ्यापुढे धरला. आट्यांमध्ये चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. बारीक, चकचकीत, वळणावळणाचं. ते आमच्या चेंबरचे आटे होते. होंडाचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी. बोल्ट तिरका धरून गनने चढवला, तर पोलाद अडत नाही, ते मऊ ॲल्युमिनियम कापत आत जातं. बाहेरून बघणाऱ्याला बोल्ट घट्ट बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो दोन-तीन अर्धवट आट्यांवर लटकलेला असतो, आणि इंजिनाच्या थरथरीने सैल होत जातो. वॉशरही जुनाच होता, दबून पातळ पापडासारखा झालेला. हा ॲल्युमिनियमचा वॉशर दबण्यासाठीच बनवलेला असतो, एकदा दबला की त्याचं काम संपलं. किंमत म्हणाल तर डॉलरच्या आतली.

हा बोल्ट आवळायला किती जोर लागतो? सुमारे ४० न्यूटन मीटर. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला साडेतेरा किलो वजन टांगलं तर जेवढा ताण पडेल, तेवढाच. माझ्यासारख्या बाईच्या एका हाताचं काम. त्याला हवेची गन लागतच नाही. गन वापरतात ती काही सेकंद वाचवायला.

मोबाइलवर मी सगळ्याचे फोटो काढले आणि बोल्ट पिशवीत घालून तिथूनच त्या दुकानात गेले. मॅनेजर नम्रपणे बोलला, पण बोलला ते ठरलेलंच. गाडी जुनी आहे, आटे आधीपासूनच गेलेले असणार, आधीच्या गॅरेजने खराब केले असतील. मी विचारलं, आटे आधीच गेलेले होते, तर तुमच्या माणसाने बोल्ट काढताना ते पाहिलं असेल, मग मला का सांगितलं नाही? पावतीवर का लिहिलं नाही? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने एक मोठ्या मापाचा बोल्ट फुकट बसवून देतो असं सांगितलं. हा बोल्ट स्वतःच नवे आटे पाडत आत जातो. पण पाडताना ॲल्युमिनियमचा जो चुरा होतो तो चेंबरमध्येच पडतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. मी नाही म्हटलं. आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये चेंबर नवीन बसवायचं ठरलं. मजुरी धरून ५४० डॉलर, टोइंगचे वेगळे.

बाहेर पडताना खड्ड्यात काम करणारा तो मुलगा मागच्या दाराशी पाणी पीत उभा असलेला दिसला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. दोन्ही मनगटांवर गरम तेलाने भाजल्याचे डाग. मी त्याला बोल्ट दाखवला. त्याने तो हातात घेतला, आटे बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने आधी माफी मागितली. मग सांगितलं की त्याला तीन दिवस व्हिडिओ दाखवले होते, चौथ्या दिवशी तो खड्ड्यात उतरला. बोल्ट हातानेच सुरू करायचा हे व्हिडिओत होतं, हे त्याला आठवत होतं. पण खाली ऑइल गरम असतं, हातमोजे बुळबुळीत होतात, वर रांग लागलेली असते, आणि स्क्रीनवर गाडीची मिनिटं ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की संध्याकाळी विचारणा होते. शनिवारी दुपारपर्यंत त्याने किती गाड्या केल्या हे त्याला सांगताही येईना.

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. अण्णांनी मला एक बोल्ट लावायला शिकवलं त्याला किती रविवार लागले असतील! त्यांनी स्वतः उमेदवारी केली ती हेडमेकॅनिकच्या हाताखाली. पहिले काही महिने नुसते भाग धुवायचे आणि बघायचं. या मुलाला कुणी शेजारी उभं राहून शिकवलंच नव्हतं. तो “टाइट” असं ओरडला, तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. गन थांबली, बोल्ट फिरेना, म्हणजे टाइट, एवढंच त्याला माहीत होतं. काम बिघडवलं ते भिंतीवरच्या घड्याळाने, असं माझं स्पष्ट मत आहे. काम नीट झालं का हे त्या दुकानात कुठेच मोजलं जात नव्हतं, फक्त किती वेळात झालं हे मोजलं जात होतं. गाडी खड्ड्यावरून जायच्या आधी मिनिटभर इंजिन चालू ठेवून खालून कपडा फिरवायचा आणि टॉर्च मारायचा, एवढं जरी कुणी केलं असतं तरी ती फट दिसली असती.

हा प्रकार एकट्या माझ्या बाबतीत झालेला नाही. आमच्या ढोल-ताशा पथकातल्या एका मुलाच्या सुबारूचं तर अशाच एका दुकानात इंजिन ऑइल सोडायच्या ऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं होतं, आणि वरून इंजिनात नवं भरलं होतं. म्हणजे इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. दुसऱ्या एकीच्या गाडीत जुन्या फिल्टरचं रबरी पॅकिंग इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, त्यावर नवा फिल्टर बसवला, आणि दोन पॅकिंगांमधून हमरस्त्यावर तेल उडालं. मेकॅनिक लोकांना या चुका चांगल्या ठाऊक आहेत. फिल्टर काढल्यावर जुनं पॅकिंग त्याच्याबरोबर आलं का ते बघायचं आणि बसायच्या जागेवरून बोट फिरवायचं, एवढाच त्यावर उपाय आहे. त्याला पाच सेकंद लागतात.

पैसे मिळवायला मला अडीच महिने लागले. फोनवर बोलून काही झालं नाही. शेवटी मी कंपनीच्या कार्यालयाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. सोबत पावती, फोटो, टोइंगचं बिल आणि गॅरेजवाल्यांनी लिहून दिलेला अहवाल जोडला. तीस दिवसांत भरपाई मिळाली नाही तर स्मॉल क्लेम्स कोर्टात जाईन असं लिहिलं. न्यू जर्सीत त्या कोर्टात ५००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि स्वतःच बाजू मांडता येते, वकील लागत नाही. पत्रात शेवटी मी एक ओळ मुद्दाम घातली, की त्या मुलाला कामावरून काढू नका, त्याला शिकवा. सत्ताविसाव्या दिवशी चेंबरचे आणि टोइंगचे मिळून पूर्ण पैसे आले. सोबत एक कागद होता, त्यावर सही करा, म्हणजे प्रकरण मिटलं. त्या ओळीबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. जानेवारीत त्या रस्त्याने जाताना मी थांबून चौकशी केली. तो मुलगा नोव्हेंबरपासूनच तिथे नव्हता. खड्ड्यात दुसराच एक मुलगा होता, त्याच्याच वयाचा, आणि भिंतीवर स्क्रीन चालू होता.

अण्णांना मी हे सगळं फोनवर सांगितलं, पार्किंगमधल्या डागासकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेपर टाकला नव्हतास होय ग?”

आता ऑइल मी नेहमीच्या गॅरेजमध्येच बदलते. तिथे पन्नास मिनिटं लागतात, पैसे वीस डॉलर जास्त जातात, आणि मालक बोल्ट बोटांनी लावतात ते मी उभी राहून बघते. झटपट दुकानात जायचीच वेळ तुमच्यावर आली, तर एवढं करा. नवा वॉशर घालायला सांगा आणि बोल्ट हाताने सुरू करा असंही सांगा, संकोच करू नका. गाडी बाहेर काढल्यावर तिथेच सपाट जागी लावा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा, आणि वाकून खाली बघा. घरी आल्यावर इंजिनाखाली जुना पेपर किंवा पुठ्ठा टाका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली लावायच्या आधी तो उचलून बघा.